हीटर कोअरच्या नावाखाली १४,७५० रुपयांची टोपी

जुनी गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचाच, विशेषतः पुण्याकडच्यांनी. आपल्याकडे थंडी ती किती, गाडीचा हीटर वर्षभरात कोणी लावूनही बघत नाही. आणि नेमकं त्याच्याच जिवावर काही गॅरेजवाल्यांचं दुकान चाललंय.

माझी गाडी २००८ची, पेट्रोल, २०२३ मध्ये रीतसर पासिंग करून घेतलेली. "काढून टाका आता ती" हा सल्ला कृपया नको. जुनी गाडी ठेवली म्हणून लुबाडायचा परवाना मिळत नाही कोणाला.

ऑगस्टमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं व्हायला लागलं. आधी वाटलं एसीची नळी तुंबली असेल. पण एसीच्या पाण्याला ना रंग ना वास. हे हिरवट, बोटांना बुळबुळीत, आणि गाडीभर काकवीसारखा गोडूस वास. काचेवर आतून तेलकट थर, पुसावा तेवढा पसरणारा. म्हणजे हीटर कोअर गळत होता. हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, तापून त्यातून फिरतं. कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत राहिलं की आतून सडतो. (आधीच्या मालकाची कृपा.) निदान माझंच होतं आणि बरोबर होतं, त्यामुळे "बायकांना गाडीतलं काय कळतं" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं.

गॅरेज ओळखीतून मिळालं. "ताई, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा." हिशेब असा: कोअर ४,८००, मजुरी ६,५००, एसीचा गॅस काढून परत भरायचे १,८००, कूलंट ९००, फ्लशिंग ७५०. एकूण १४,७५०. पैकी ५,००० यूपीआयने आगाऊ घेतले, उरलेले ९,७५० रोख, कारण "पक्कं बिल केलं की १८ टक्के जीएसटी लागतो ताई". म्हणजे वर २,६५५ रुपये. तुमच्यापैकी किती जणांनी हौसेने भरले असते, खरं सांगा.

गाडी मिळाली. वास गेलेला, गळती बंद. जुना पार्ट मागून घ्यावा, हे मलाही माहीत आहे हो, मागितला होता! त्याने आणून दाखवला. खडखडीत कोरडा, वर धुळीचा थर, हिरवा डाग औषधालाही नाही. "तुमच्यासाठी धुऊन ठेवला ताई." धुतलेल्या वस्तूवर धूळ!

घरी येताना सिग्नलला थांबले तेव्हा डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे नजर गेली. गेल्या दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू त्याच्या पायाशी, डॅशबोर्डच्या फटीत, जसंच्या तसं. शेजारी घड्याळ, अचूक वेळेवर. डॅशबोर्ड उतरवायचा तर आधी बॅटरीची वायर सोडवतात, मग माझ्या गाडीचं घड्याळ पुसलं जातं, रेडिओची स्टेशनं जातात. माझी सगळी जागेवर. काय काय दिसत होतं डोळ्यांना! पण मागून हॉर्न सुरू झाले, घरी मुलाची परीक्षा, आणि मुख्य म्हणजे गळती थांबली होती. गळती थांबल्यावर कोण उकरत बसतं?

डिसेंबरात पहाटे पसरणी घाट चढताना काचेवर आतून वाफ धरली, हीटर लावला, तर थंडगार वारा. परत येताना वाईत एका मेकॅनिकला दाखवलं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या मागच्या पत्र्याकडे बोट केलं आणि हसला. कोअरकडे जाणारे दोन्ही होज पाइप काढून, वाकड्या नळीने एकमेकांना जोडलेले, वर दोन क्लॅम्प. बायपास. फुटका कोअर आत तसाच. एसीच्या पाइपांना कोणी हातही लावलेला नव्हता, म्हणजे १,८००चा गॅसही हवेतलाच. अडचणीला बायपास सगळेच करतात, त्यात गैर काही नाही. सांगून केला असता तर ५०० रुपये मुकाट्याने दिले असते.

गॅरेजवाल्याचं उत्तर ऐका: "गळती थांबली ना ताई? मग झालं की."

चौकीत पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" दुसरं वाक्य, "हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेतले, ही सरळ ४२० आहे. तर हवालदारसाहेब म्हणाले, "मॅडम, ४२० गेली, नव्या कायद्यात आता ३१८ झाली." कलम दुरुस्त करून दिलं, तक्रार नाही घेतली! वर "पक्कं बिल आणा". पक्कं बिल देणारा माणूस असता तर मी तिथे कशाला गेले असते? वाहनांच्या सरकारी कचेरीत म्हणाले गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. ग्राहकांसाठी म्हणून जे टेबल आहे तिथल्या बाईंनी मान वर न करता "ऑनलाइन करा" सांगितलं. ऑनलाइन ओटीपी येईना. ओटीपी येईना म्हणून परत गेले, तर जेवणाची सुट्टी. दुचाकीवर हेल्मेट नसेल तर हेच सरकार मला मिनिटात शोधतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज गेलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर घ्या. माझ्याकडे पुरावा म्हणून ते ५,००० यूपीआयचे आणि व्हॉट्सॲपवर आलेला हिशेब, बस. रोख ९,७५० मी दिले याला साक्षीदार फक्त डॅशबोर्डवरचा गणपती. त्यामुळे रोख मागितलं की तिथून गाडी काढा.

गाडी देण्याआधी डॅशबोर्डच्या दोन-तीन स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. स्क्रू फिरला की ठिपका तडकतो. पार्ट खोक्यातून काढून समोर दाखवायला सांगा, फोटो काढा.

आणि ज्यांनी हे काम आधीच करून घेतलंय, त्यांनी आजच बॉनेट उघडा. इंजिन थंड असताना मागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन पाइप शोधा. ते आत न जाता बाहेरच एकमेकांना मिळाले असतील, तर तुमचे किती गेले ते खाली लिहा.