देवपूरमधील फिजिओथेरपी केंद्र : टाचदुखीच्या रुग्णाचा अभिप्राय

टाच दुखू लागली की आपल्याकडे माणूस फिजिओथेरपिस्टकडे सहसा सगळ्यात शेवटी जातो. त्याआधी रुईचे पान तव्यावर तापवून शेकणे होते, गरम विटेवर टाच टेकवणे होते, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या होतात, मग एक्स-रे निघतो आणि ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असा निकाल हाती पडतो. धुळ्यातील देवपूर भागातल्या ज्या केंद्रात मी उपचार घेतले, तिथली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की त्यांनी हा निकाल जसाच्या तसा मान्य केला नाही.

तिथल्या मॅडमनी एक्स-रे पाहिला, बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारले. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल जास्त दुखते की दिवसअखेरचे? रात्री झोपेतही दुखते का? मुंग्या येतात का, सकाळी कंबर आखडते का, साखर आहे का? त्यानंतर त्यांनी टाचेच्या तळाला आतल्या बाजूने अंगठा दाबला, पायाचा अंगठा वर वाकवून पाहिला, टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबले आणि घोट्याच्या आतील बाजूस बोटाने हलकेच ठोकले. टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखले तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका येते, आणि घोट्यापाशी ठोकल्यावर तळव्यात झिणझिण्या गेल्या तर दुखणे नसेचे असू शकते. माझ्या बाबतीत यातले काही नव्हते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा, तळपायाची कमान पेलणारा जो जाड पट्टा असतो, त्याच्या मुळाशी झालेली ही झीज होती. वैद्यकीय भाषेत तिला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. वाढलेले हाड अनेक ठणठणीत माणसांच्या एक्स-रेमध्येही दिसते, त्यामुळे त्याच्यावरच खापर फोडता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. युरिक ॲसिडचा रिपोर्ट घेऊन येणारेही पुष्कळ असतात, पण युरिक ॲसिड वाढल्याने होणाऱ्या संधिवाताचा, म्हणजे गाऊटचा, झटका बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो.

उपचारांपैकी मी पूर्ण गुण देईन ते व्यायामाला. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटे नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, असे दहा वेळा आणि दिवसातून तीनदा करायचे. दुसरा व्यायाम पायरीवरचा: बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून एका पायावर तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली आणायची आणि हे एक दिवसाआड करायचे. सुरुवातीला हे जमत नाही, पोटऱ्या भरून येतात आणि आराम पडायला आठवडे लागतात. बहुतेकांची टाचदुखी शस्त्रक्रियेविना बरी होते, पण त्यात सहा महिने ते वर्षही जाऊ शकते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. गुडघेदुखीपासून मानदुखीपर्यंत सगळ्यावर ‘पाच सिटिंगमध्ये फरक’ सांगणाऱ्या पाट्या शहरभर दिसत असताना हा प्रामाणिकपणा मला दुर्मीळ वाटला. स्टेरॉइडच्या इंजेक्शनविषयीही त्यांनी तोलून मत दिले: काही आठवडे आराम पडतो, परंतु वारंवार घेतल्यास तो पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

यंत्रांच्या बाबतीत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. प्रत्येक सिटिंगमध्ये अल्ट्रासाउंडचा शेक दिला जातो आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले असतात. टाचदुखीवर त्याचा विशेष उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि मलाही तो जाणवला नाही. व्यायाम एकदा नीट शिकून घेतल्यावर अधूनमधून दाखवायला गेले तरी पुरते, त्यामुळे पॅकेज न घेता एकेका सिटिंगचे पैसे द्यावेत. आणखी एक तक्रार अशी की केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि येणाऱ्यांपैकी निम्मे पाय धरूनच जिने चढत असतात.

चपलेविषयीचा सल्ला इथल्या घरांना धरून होता. शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर दिवसभर अनवाणी वावरणे हे दुखणे चिघळण्याचे मोठे कारण आहे, म्हणून घरात वापरायला वेगळी, मऊ तळाची चप्पल पलंगाशीच ठेवायला सांगितली. स्वयंपाकघरात चपला म्हटल्यावर आमच्या घरी भुवया उंचावल्या, तो भाग वेगळा. महागडे इनसोल माप देऊन बनवून घेण्याची घाई करू नका, आधी तयार मिळणारे वापरून पाहा, असेही त्यांनी सांगितले. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी जाणाऱ्यांना, विशेषतः तापलेल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चालण्याचा नवस असणाऱ्यांना, दुखणे ताजे असताना ते वर्ष सोडून देण्याचा सल्ला मिळतो. तो किती जण पाळतात, हे मॅडमच्या हसण्यावरून समजले.

दिवसभर उभे राहणारे शिक्षक, सराफ्यातील सेल्समन आणि एसटीचे वाहक यांनी इथे जरूर जावे. मधुमेह असून तळवे बधिर असतील, टाच सुजून ताप येत असेल किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. सायंकाळी गर्दी असते, सकाळी निवांत तपासतात. जाताना एक्स-रेबरोबर रोजच्या वापरातली चप्पलही न्यावी, कारण तिचा तळ त्या स्वतः वाकवून आणि झीज पाहून तपासतात.