ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: फोर्ज्ड पिस्टन-रॉड टाकून बांधलेल्या इंजिनाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

२००४ साली भारतात आलेल्या स्कोडाच्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन म्हणजे १७८१ सीसी, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, एका सिलिंडरला पाच असे एकूण २० व्हॉल्व्ह, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६.४ मिमी. कंपनीचा दावा १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटर. या गाड्या आता इतक्या जुन्या झाल्यात की इंजिन एकदा तरी खोलावंच लागतं. खोललंच आहे तर मूळ पार्ट टाकायचे की बाहेरचे फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, हा प्रश्न मग येतोच. हा अनुभव फोर्ज्ड बाजूचा आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा या इंजिनाने पाहिला. शहरातली गर्दी, एक्स्प्रेसवे, कशेडी आणि खंबाटकी सगळं झालं.

आत काय आहे ते आधी. ८१.५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन (२६१८ नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू), ४३४० पोलादाचे १४४ मिमी लांबीचे एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) कनेक्टिंग रॉड, त्यांना एआरपी कंपनीचे एआरपी २००० बोल्ट, हेडला एआरपी स्टड, धातूच्या थरांची हेड गॅस्केट, क्रँकची (मेन) आणि रॉडच्या मोठ्या टोकाची (बिग एंड) नवी बेअरिंग, नवा ऑइल पंप, मूळपेक्षा मोठा के०४-००१ टर्बो, पुढे बंपरमागे मोठा इंटरकूलर आणि त्याला साजेसं ट्यूनिंग. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढला की इंजिन जवळपास १८०३ सीसीचं होतं. त्या २२ सीसींचा गाडीला काही उपयोग नाही. ओव्हरसाइज घेतात ते जुना, घासलेला बोअर सरळ करण्यासाठी.

फोर्ज्ड रॉड लागतात का, याचं उत्तर ताकदीपेक्षा टॉर्कवर ठरतं. मूळ रॉड साधारण ३४०-३५० न्यूटन-मीटरपर्यंत तग धरतात. ते वाकतात तेही ६५०० आरपीएमला नव्हे, तर अडीच-तीन हजारांवर. टर्बो एकदम पूर्ण बूस्ट देतो, सिलिंडरमधला दाब तेव्हाच सगळ्यात जास्त असतो आणि रॉड उभा दाबला जातो. वरच्या आरपीएमला उलट बोल्टवर ताण येतो. त्यामुळे नुसतं स्टेज १ ट्यूनिंग (मूळ सामानावर फक्त सॉफ्टवेअर) करून थांबणार असाल तर रॉडवर पैसे घालू नका. चांगला क्लच घ्या.

ऑर्डर देण्याआधी पिस्टन पिन मोजा. या इंजिनाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत १९ मिमी आणि २० मिमी अशा दोन्ही पिना आल्यात. हा माल परदेशातून कस्टम भरून येतो आणि तो परत पाठवणं म्हणजे डोकेदुखी. इंजिन क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं आणि प्रत्यक्ष माप, दोन्ही जुळल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

मशीन शॉप

सगळा खेळ इथे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईत बोअर घेणारे अनुभवी कारागीर भरपूर आहेत, पण त्यांचा हात ट्रक, ट्रॅक्टर आणि साध्या कास्ट पिस्टनवर बसलेला असतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतं, म्हणून हा पिस्टन चिवट असतो आणि गरम झाल्यावर जास्त फुगतो. ४०३२ मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो. ४०३२ ला ०.०४-०.०५ मिमी क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) पुरतो, २६१८ ला ०.०८-०.०९ मिमी लागतो. नेहमीच्या सवयीने ०.०४ ठेवून बोअर केला तर पिस्टन पहिल्याच घाटात जाम होईल. ‘एवढा ढिला कसा चालेल?’ असं कारागीर विचारणारच. पिस्टनच्या खोक्यातला कागद त्याच्या हातात द्या आणि समोर उभं राहून मोजून घ्या.

पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर), पिनला काटकोनात, कागदावर दिलेल्या उंचीवरच मोजायचा. प्रत्येक पिस्टनचं माप वेगळं लिहून त्याचा बोअर ठरवून टाकायचा. होनिंग (दगडाने बोअरची शेवटची घासणी) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडऐवजी आवळायची जाड प्लेट, लावून करून घ्या, कारण हेड आवळल्यावर बोअरचा आकार थोडा बदलतो आणि प्लेटमुळे तो आवळलेल्या स्थितीतच गोल होतो. डायल बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना माप घ्या. ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ब्लॉक परत मशीनवर.

होनिंगनंतर ब्लॉक नुसता डिझेलने धुतला तर दगडाची बारीक भुकटी बोअरच्या रेघांत तशीच राहते आणि नव्या रिंगा हजार किलोमीटरच्या आत खाते. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश. मग पांढऱ्या कापडावर गिअर ऑइल घेऊन बोअर पुसायचा. कापडावर करडा डाग येतो तोवर धुणं संपलेलं नाही. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतूनही ब्रश फिरवावा.

मेन कॅपला स्टड घातले नाहीत, ते मुद्दाम. स्टडचा दाब मूळ बोल्टपेक्षा वेगळा असतो, त्याने मेनचे बोअर हलतात आणि मग लाइन होनिंग (मेनचे सगळे बोअर एका रेषेत घासणं) करावंच लागतं. एवढ्या ताकदीला नवे मूळ बोल्ट, ६५ न्यूटन-मीटर अधिक ९० अंश, हे पुरेसं आहे. क्रँकचे मेन जर्नल ५४ मिमीचे, रॉडचे ४७.८ मिमीचे. मेनला ०.०५ आणि बिग एंडला ०.०४५ मिमीच्या आसपास क्लिअरन्स ५डब्ल्यू-४० तेलाला छान जमला. गरम इंजिनावर आयडलिंगला तेलाचा दाब पडत नाही.

बांधणी

रिंगांची फट हा फोर्ज्ड इंजिनातला दुसरा मोठा घोळ. टर्बो इंजिनाला वरच्या रिंगेसाठी बोअर गुणिले ०.००५० आणि दुसरीसाठी ०.००५५ असा ढोबळ हिशोब धरतात. ८१.५ ला तो ०.४१ आणि ०.४५ मिमी येतो. दुसरीची फट मोठी ठेवतात, कारण दोन रिंगांमध्ये अडकलेला दाब वरच्या रिंगेला उचलतो. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा लँडच (रिंगांच्या खाचांमधला भाग) तुटतो. जास्त पडली तर थोडं तेल जास्त जातं, एवढंच. शंका आली तर मोठ्याच बाजूला राहा. फाइल बाहेरून आत चालवा, एकाच टोकावर. रिंग बोअरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि फीलर गेज लावा.

ब्लॉकच्या तळाशी पिस्टनवर तेल मारणारे जेट आहेत. जाड एच-बीम रॉड किंवा बदललेला स्कर्ट त्यांना घासू शकतो. म्हणून एकेक पिस्टन बसवला की क्रँक हाताने पूर्ण फिरवून खालच्या टोकाला टॉर्च मारून बघायचं. चारही बसवून मग तपासायला गेलात तर काम दुप्पट.

रॉडचे बोल्ट टॉर्क पान्यावर सोडू नका, ताण मोजणाऱ्या गेजने घट्ट करा. प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी वहीत लिहून ठेवावी, पुढे कधी खोलला आणि ०.०२५ मिमीने कायमचा लांबलेला दिसला तर बाद. एआरपीचं स्वतःचं वंगण लावूनच त्यांचे आकडे खरे असतात. साधं इंजिन ऑइल लावलं की तोच टॉर्क वेगळा ताण देतो.

हेड स्टड ब्लॉकमध्ये फक्त हाताने बसवायचे. भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड खाली जाताना द्रव दाबला जातो आणि ब्लॉकला चीर पडू शकते, म्हणून हवेने भोकं कोरडी करा. हेड फेसिंग करून घेतलं, तर व्हॉल्व्ह सील आणि हायड्रॉलिक टॅपेट त्याच वेळी बदला. टायमिंग बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो, इनटेक कॅमला तिथून मागच्या बाजूने साखळी जाते. दोन कॅमवरच्या खुणांमध्ये साखळीचे बरोबर १६ रोलर यायला हवेत. एक इकडे-तिकडे झाला तरी गाडी सुरू होते, पण आळशी चालते आणि मग लोक ट्यूनिंगला दोष देतात. बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. या इंजिनात बेल्ट चुकला की व्हॉल्व्ह वाकतात. वॉटर पंप धातूच्या पंख्याचाच घ्या, प्लास्टिकचा पंखा दांड्यावर सुटून नुसता फिरत राहतो.

ऑइल चेंबर खाली आलाच आहे तर पिकअपची जाळी बघा. जुन्या १.८ टर्बोंमध्ये काळ्या गाळाने ती बुजलेली सापडणं नेहमीचं आहे आणि त्यातच अनेक टर्बो आणि बेअरिंग गेलेत. जाळी साफ करण्यापेक्षा पिकअप नवा टाकणं बरं.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइल काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. टर्बोच्या तेलाच्या नळीत आधी हाताने तेल भरा. तेल सुरुवातीला मिनरल. पन्नासेक किलोमीटरवर तेल आणि फिल्टर, पाचशेवर पुन्हा. आयडलिंगवर तासभर उभी ठेवू नका. रिंगा बसायला भार लागतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम ओढ आणि मग इंजिनाच्याच ब्रेकने उतरणं, असं आलटून-पालटून. सिंथेटिक, फोक्सवॅगनच्या व्हीडब्ल्यू ५०२ मानकाचं, दीड हजारानंतर.

चालवल्यावर

थंड इंजिनाला पिस्टनचा खटखट आवाज येतो. महाबळेश्वरला गार सकाळी तो जास्त ऐकू येतो, डिझेल उभी आहे असं वाटावं इतका. तेल गरम झालं की जातो. हा २६१८ चा स्वभाव आहे, बिघाड नाही. गरम झाल्यावरही राहिला, किंवा आवाज वरून, हेडकडून येत असेल तर टॅपेट तपासा. रोज दोन किलोमीटर ऑफिस आणि परत असा वापर असेल तर मात्र २६१८ घेऊ नका, ४०३२ घ्या. एवढ्या अंतरात पिस्टन नीट गरमच होत नाही.

तेल सुरुवातीला बरंच लागलं, मग स्थिरावलं. आता हजार किलोमीटरला दोनशे मिलीच्या आसपास लागतं. डिपस्टिक दर पेट्रोलला बघायची सवय लावा. पावसाळ्यात कॅच कॅनमध्ये (क्रँककेसच्या वाफेतलं तेल अडवणाऱ्या डब्यात) दुधाळ पातळ चिकट पदार्थ जमतो. दमट हवा आणि छोट्या फेऱ्या, एवढंच त्याचं कारण. कुलंट कमी होत नसेल तर हेड गॅस्केटची भीती बाळगू नका.

डॅशबोर्डवरची तापमानाची सुई ९० वर चिकटून बसते, खरं तापमान बरंच वर-खाली झालं तरी. म्हणून व्हीसीडीएसवर (गाडीला जोडायच्या तपासणी सॉफ्टवेअरवर) खरा आकडा बघा. त्यातले तीन ब्लॉक (आकड्यांचे गट) नियमित नोंदवावेत: ०२० मध्ये प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन मागे घेतलेला अंश, ०३२ मध्ये इंधनाची दुरुस्ती, ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट. एप्रिल-मेच्या दुपारी चढावर ०२० मध्ये दोन-तीन अंश दिसले तर चालतं. सहाच्या पुढे वारंवार गेले तर बूस्ट कमी करा किंवा पेट्रोल बदला. मूळ गाडीत इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात एवढासा आहे, तो ठेवून के०४ लावला तर सलग दुसऱ्या ओढीलाच हे आकडे चढतात. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं आदर्श हवा-इंधन प्रमाण साधारण १३.५ आहे, शुद्ध पेट्रोलचं १४.७. त्यामुळे ०३२ मधली दुरुस्ती अधिककडे सरकलेली दिसते. इंजेक्टर आणि पंपाला तेवढी जागा ठेवून ट्यूनिंग करून घ्या. इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, ते सगळे एकदम बदलले.

प्लग एनजीके बीकेआर७ई, फट ०.७ मिमी. जास्त ठेवली तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि दोष कॉइलवर जातो. खऱ्या अर्थानेही कॉइल जातातच, एक जादा डिकीत असू द्या.

या काळात पिस्टन, रॉड, स्टड यांनी कसलाच त्रास दिला नाही. त्रास आला तो आजूबाजूच्या स्वस्त, जुन्या सामानातून: हेडच्या बाजूची प्लास्टिकची कुलंट फ्लँज गळली, क्रँककेस व्हेंटिलेशनचे पाइप बोटाने तुटले, खालच्या इंजिन माउंटचं रबर फाटलं, कॅम साखळीच्या टेन्शनरखालची गॅस्केट गळून तेल एक्झॉस्टवर जळायला लागलं. शेवटचं तर इंजिन बाहेर असताना किरकोळ काम होतं, बसवल्यावर अर्धा दिवस. फोर्ज्ड संचाच्या बजेटमधून हे सगळं आधी वजा करा, उरेल त्यात पिस्टन बघा.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल अडचणीचे ठरतात आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला पुनर्नोंदणीसाठी तपासणीला जावंच लागतं. इंजिन क्रमांक तोच राहील असं बघा, म्हणजे ब्लॉक बदलू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवा.

पुढचा कमजोर दुवा म्हणजे या गाडीचा ०२जे गिअरबॉक्स. त्यातल्या डिफरेन्शियलचे रिव्हेट तुटले तर तुकडा गिअरबॉक्सच्या आवरणाला भोक पाडून बाहेर येतो. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवाल तेव्हाच रिव्हेट काढून बोल्ट बसवून घ्या. मूळ दुहेरी (दोन भागांचं, धक्के शोषणारं) फ्लायव्हील काढून एकसंध लावलं तर गाडी चटकन उसळते, पण न्यूट्रलला खडखड येते. गर्दीत रोज चालवणाऱ्याने मूळ प्रकारचंच ठेवलेलं बरं.