सांगली की रत्नागिरी?

मी सांगलीकर, तरी इतिहासात रत्नागिरीला झुकतं माप देतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 साली गादीवरून गेला, तो रत्नागिरीत नजरकैदेत आला. 1910 चा त्याचा राजवाडा पाहून आजही गलबलतं. टिळकांचा जन्मही तिथलाच, 1856 चा.

नाटक मात्र आमचं! विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीतच केलं.

पाऊस तिकडे धो धो; सह्याद्री ढग अडवतो, म्हणून आमच्याकडे बेताचा. तरी 2019 मध्ये कृष्णा बाजारपेठेत शिरलीच.

तिकडे हापूस आणि मिरकरवाड्याची मासळी, इकडे हळद. सौद्याला उभं राहिलं की सदऱ्यावर पिवळी धूळ बसते, धुतली तरी वास राहतो.