धोबी तलावचे गोवेकर क्लब: खाट नाही, पेटी मिळेल

बोर्डावर 'क्लब ऑफ' आणि पुढे गोव्यातल्या एखाद्या गावाचं नाव. दक्षिण मुंबईतली ही गोव्याच्या कॅथलिक पुरुषांची, त्यातही बोटीवर काम करणाऱ्यांची मुक्कामाची जागा. क्लब म्हणून बार शोधाल तर फसाल, दारूला इथे सक्त बंदी. कोकणीत याला 'कूड' म्हणतात, म्हणजे खोली. आणि आहेही तेवढंच: लांबट हॉल, भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांची रांग, समोर गावच्या संताचं आल्तार, म्हणजे वेदी. पेटीत सामान ठेवायचं, रात्री पेटीसमोर चटई पसरायची. कुलूप आणि चादर आपली आणा.

बोटीवर चढणाऱ्या तारवट्यासाठी, म्हणजे खलाशासाठी, याहून सोयीची जागा मुंबईत नाही. मरीन लाइन्स स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर, सीएसएमटी पंधरा. अमेरिकेच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे एका दिवशी आणि बीकेसीतली मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणजे निदान दोन रात्री धरा. मुलाखतीला मोबाइल आत नेता येत नाही, तो पेटीत कुलपाखाली राहतो हे लॉजपेक्षा बरं. सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक), मेडिकल आणि एजंटचा फोन यांत महिना गेला तरी खिसा रिकामा होत नाही. दर क्लबागणिक वेगळा आहे. सभासद आणि पाहुणा यांचाही वेगळा, तेव्हा आधीच विचारा.

त्रास ठरलेले आहेत. संडास सामाईक, सकाळी सहा ते आठ रांग. इमारती जुन्या, जिने लाकडी आणि अरुंद, मोठी सूटकेस वर नेताना घाम फुटतो. वीस जणांत दोन तरी घोरणारे असतातच. संध्याकाळची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवली की केअरटेकरचं तोंड वाकडं होतं.

खरी अडचण दारातच आहे. पहिला प्रश्न, गाव कुठलं? दुसरा, कोणाचा? मोठ्या गावांचे एकाहून अधिक क्लब निघाले ते वाड्यांवरून आणि जातींवरूनही. बामण, चारडो, सुदिर हे गोव्याच्या कॅथलिकांतले जातिभेद बाप्तिस्म्यानं पुसले नाहीत, बोटीतून मुंबईलाही आले. हिंदू गोवेकराला आणि बाईला बहुतेक ठिकाणी मुक्काम नाहीच. मांसाहारी म्हणून फ्लॅट नाकारला की पेपरात बातमी होते. इथली अट एवढी जुनी की कोणाला ती अट वाटतच नाही. क्लबवाल्यांची बाजूही आहे: गावचा माणूस पळून जात नाही, चोरी केली तर आईपर्यंत कळतं, आणि पोरगा आजारी पडला तर शेजारची पेटी त्याला डॉक्टरकडे नेते. अनामत न घेता इतकं स्वस्त चालतं ते याच भरवशावर. मात्र हा भरवसा गावाचा. त्यात जात कशाला, याचं उत्तर मिळत नाही.

आता मात्र पेट्या रिकाम्या पडल्या आहेत. आखातातल्या नोकऱ्या, १९९८ पासून पूर्ण धावणारी कोकण रेल्वे, गोव्यातूनच सुटणारी विमानं, आणि १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना मिळणारं पोर्तुगीज नागरिकत्व: तरुण मुंबईला वळसा घालून थेट परदेशी जातो. म्हणून काही क्लब शेजारच्या गावच्या कॅथलिक पोरालाही घेतात, आणि जातीचा प्रश्न तोंडातल्या तोंडात राहतो. उपदेशानं न हललेली कडी रिकाम्या पेट्यांनी काढली, ती अर्धीच.

जायचं असेल तर: आपल्या गावच्या क्लबात आधी फोन, गावातल्या सभासदाची ओळख, पासपोर्ट आणि सीडीसीची झेरॉक्स. गावचा क्लब बंद झाला असेल तर लगतच्या गावाचा विचारा, मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरी. गावच्या फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, आठवड्यात मात्र जागा धरू नका, तेव्हा जुने सभासद उपनगरांतून परततात. गोव्याबाहेरच्या कॅथलिकाने स्पष्ट विचारूनच सामान उचलावं. आणि बायको सोबत असेल तर सरळ लॉज बघा.