राजापुरी जेट्टीवरनं जंजिरा : होडी नी गाईड, दोन्हीचा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकते. गाईडला पाचपैकी पाच, होडीला चार, आणि किल्ल्यावर जो टाईम देतात त्याला दोन.

माझं माहेर श्रीवर्धनचं, त्यामुळे जंजिरा लहानपणापासून चार-पाच वेळा तरी बघून झालाय, आणि दर वेळी गाईडकडून तेच ऐकलंय, तोफा किती, बुरूज किती, किल्ला अजिंक्य कसा, झालं, चला होडीत बसा. या डिसेंबरात आई नी माझी नववीतली मुलगी बरोबर होती, जेट्टीवर एक वयस्कर काका भेटले, गाईडचे पैसे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले, नंतर एक रुपया जास्त मागितला नाही. आणि पहिल्यांदा मला कोणीतरी किल्ल्याबरोबर तो बांधणाऱ्या माणसांबद्दल सांगितलं.

सुरुवात होडीतच झाली. शिडाची होडी, तांडेलदादा स्थानिक कोळी, शीड वाऱ्यावर घेताना काका म्हणाले, "ताई, हा वारा बघा. आत्ता थंडीत वायव्य-ईशान्येकडनं वारा असतो, तो जहाजांना आफ्रिकेकडे न्यायचा, पावसाळ्याच्या सुमाराला नैऋत्येचा वारा त्यांना परत इकडे आणायचा. मोंबासा, लामू, किल्वा, झांझिबार, सगळी बंदरं याच वाऱ्यावर जगली." तिकडच्या स्वाहिली भाषेत या दोन वाऱ्यांना कास्काझी नी कुसी म्हणतात. याच रस्त्याने हस्तिदंत, सोनं, कापड, मणी आले-गेले, आणि माणसंही आली, काही खलाशी, काही व्यापारी, बरीचशी मात्र गुलाम म्हणून विकून आणलेली. हे काकांनी आवाज न चढवता आणि काही न लपवता सांगितलं, मला आवडलं.

मग मलिक अंबर. इथिओपियात साधारण 1548 मध्ये जन्म, लहानपणी नाव चापू, हातोहात विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीपर्यंत पोचला. ज्याच्याकडे आला तो चंगीजखान निजामशाहीचा पेशवा, तोही मूळ हबशीच, म्हणजे आफ्रिकेतून आलेला. पुढे हाच अंबर निजामशाहीचा कर्ता माणूस झाला, मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये झुंजवलं, 1610 मध्ये खडकी वसवली म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे पाण्याची नहर काढली, 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. 1626 ला गेला, कबर खुलताबादला. आई निवृत्त शिक्षिका, ती म्हणाली, "एवढी वर्षं शिकवलं, पण हा माणूस आफ्रिकेतून आला हे मी मुलांना फक्त एका वाक्यात सांगायचे."

जंजिऱ्याची गोष्ट काकांनी नीट दोन भागांत सांगितली, आख्यायिका वेगळी नी इतिहास वेगळा. आख्यायिका अशी की इथे राम पाटील या कोळ्याचा लाकडी मेढेकोट होता, निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापारी बनून दारूची पिंपं उतरवली, रात्री आत लपवलेली माणसं बाहेर काढली आणि बेट घेतलं. मग पुढचा दगडी किल्ला, सिद्दींचं म्हणजे इथल्या हबशांचं राज्य, संभाजीराजांनी 1682 मध्ये वेढा घालून समुद्रात भराव टाकायला घेतला होता ते, आणि बुरुजावरनं समोर दिसणारा शिवरायांचा पद्मदुर्ग. सिद्दीच्या धाडींनी किनाऱ्यावरच्या गावांचे किती हाल केले तेही बोलले. आमच्या आजीच्या तोंडी "हबशी आला" ही म्हण नव्हे, पोरांना गप्प करायची धमकी होती, ते मला तिथे उभं राहून आठवलं.

आणि मग माझ्या मुलीने विचारलं, "काका, हे आफ्रिकेतून आले तर आफ्रिकेचं इथे काय आहे?"

काकांनी तिला दरवाजावरचं शिल्प दाखवलं, तो वाघासारखा प्राणी, पंज्यात नी शेपटीत हत्ती धरलेले. म्हणाले, हे दख्खनी आहे, असलं शिल्प इकडच्या बऱ्याच किल्ल्यांवर सापडेल. दरबाराची भाषा फारसी, रयतेची मराठी, पदवी नवाब. जंजिरा हा शब्दच अरबी जझीरा म्हणजे बेट यावरनं. मग म्हणाले, "राज्य मिळालं की माणूस शेजारच्या राजासारखा होतो. ढोल ऐकायचा असेल तर राज्य न मिळालेल्यांकडे जा."

हे वाक्य मी अजून घोळवतेय. घरी येऊन वाचलं आणि मला ते बरोबर वाटतं. गुजरातेत गीरजवळच्या जांबुरला सिद्दी लोक गोमा नाचतात, धमालही म्हणतात त्याला, आणि गोमा हा स्वाहिलीतल्या न्गोमा शब्दाचाच भाऊ, ज्याचा अर्थ ढोलही नी नाचही. एका तारेचं, भोपळा लावलेलं मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य त्यांच्याकडे आहे, आणि ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गेलेल्या लोकांचं बेरिंबाऊ बघाल तर जुळं वाटेल. पण बोलतात गुजराती, आणि हे सगळं चालतं बावा गोरसारख्या पिराच्या नावाने, जिथे हिंदूसुद्धा नवस बोलायला जातात. इकडे खाली कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलात जे सिद्दी आहेत त्यांच्यातले अनेक गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळालेल्यांचे वंशज, आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन तिन्ही आहेत, घरात कोकणी, आणि दमाम नावाचा ढोल तिघांचाही. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात, म्हणजे आपली गोधडीच, कडेपासून आत शिवत येतात आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, फुलांशिवाय कवंदी म्हणजे उघडी असं मानतात. आपलं काय नी त्यांचं काय हे वेगळं काढायला गेलात तर कापडच उसवेल.

आणि बदल फक्त इथे आलेल्यांचा झाला असं समजू नका. माझा मामेभाऊ मोंबासाला नोकरीला असतो. तो सांगतो तिकडे दुकानाला दुका म्हणतात, पैशाला पेसा, आणि चपाती घरोघरी लाटतात. वाली वा नाझी म्हणजे नारळाच्या दुधातला भात. त्याने नारळ खवायच्या म्बुझीचा फोटो पाठवला, बुटकं लाकडी आसन, पुढे लोखंडी दातेरी पातं, बायका त्यावर बसून खवतात. आईने फोटो बघितला नी म्हणाली, "ही आपली खवणी तिकडे कशी गेली?" कुठून कुठे गेली मला माहीत नाही, पण दोन्ही किनाऱ्यांना माड आहे, मासा आहे, आणि खोबरं खवायला तेच हत्यार.

आता तक्रार. होडीवाले किल्ल्यावर साधारण पाऊण तास देतात आणि मग हाका मारायला लागतात. एवढ्यात कलालबांगडी तोफ, सुरुलखानाच्या वाड्याचे अवशेष नी गोड्या पाण्याचे तलाव धावत बघावे लागतात. आमच्या होडीतली एक म्हातारी बाई पायऱ्यांवर धापा टाकत होती, तिच्यासाठी पाच मिनिटं थांबायलाही तयार नव्हते, ते मला अजिबात पटलं नाही. बाकी होडी स्वच्छ, चढता-उतरताना मुलांना नीट हात धरून घेतात. भरतीच्या वेळी दरवाजाशी होडी बरीच हलते, आई-बाबांना मधल्या बाकावर बसवा.

काकांनी जाताना एक गोष्ट सांगितली ती प्रत्येकाला सांगते. राजापुरीजवळ खोकरीला सिद्दींचे घुमट आहेत, सुरुलखानाची कबर सगळ्यात मोठी. किल्ल्याला येणारी गर्दी तिकडे वळतच नाही. आम्ही ऊन उतरल्यावर गेलो, आम्ही तिघी नी दोन शेळ्या, बाकी कोणी नाही. मुलीने दगडातल्या जाळीवर हात फिरवला नी विचारलं, "यांनी आपलं पहिलं गाव परत कधी बघितलं असेल का?" आई काहीच बोलली नाही, तिच्या डोक्यावरनं नुसता हात फिरवला.

पावसाळ्यात किल्ला बंद असतो, डिसेंबर-जानेवारीत सकाळची पहिली होडी पकडा, पाणी बरोबर न्या, आणि गाईड घ्याच.