कट्-कट् की एकच खट्? बॅटरी घ्यायची की सेल्फ उघडायचा

किल्ली फिरवली, डॅशबोर्ड उजळला, बोनेटखालून आवाजही आला; इंजिन मात्र फिरलं नाही. अशा वेळी आपल्याकडे बहुतेक जण सरळ बॅटरीच्या दुकानाची वाट धरतात. पारोळ्याजवळ माझ्या मावसभावाची गाडी डिसेंबरात अशीच अडली. दुकानदाराने मीटर न लावताच सांगितलं, "बॅटरी उतरी गयी भाऊ, नवी टाकनी पडी." साडेचार हजार गेले, जुनी बॅटरी बदल्यात दिली आणि तिसऱ्या सकाळी गाडी पुन्हा जागच्या जागी. सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटारीचे, कार्बन ब्रश झिजले होते; मोटारीला करंट पोचवतात ते तेच. दिलेली बॅटरी चांगली होती, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कुणी विचारलं की मी आधी विचारतो, आवाज कसा येतोय?

कट्-कट्-कट् असा झपाझप आवाज असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे मोटारीला करंट जोडून देणारा विजेचा स्विच, थोड्या करंटवर आत ओढला जातो. पण तो आत गेला की मोटार शे-दीडशे अँपिअर मागते. उतरलेल्या बॅटरीला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्टेज सावरतो आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. हीच ती कट्-कट्. याउलट एकच जड 'खट्' होऊन सगळं शांत झालं, तर सोलेनॉइडने आपलं काम केलंय आणि मोटार फिरलेली नाही. तिथे संशय सेल्फवर.

फक्त कानावर विसंबू नका. संध्याकाळी भिंतीसमोर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिची जोडणी. दिवे तसेच लखलखीत राहिले तर मोटारीपर्यंत करंट पोचतच नाहीये. सोलेनॉइडचे आतले संपर्क, ब्रश किंवा इंजिनाची अर्थिंग पाहावी लागेल. मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, आणि 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच निकाल द्या. सेल्फ मारताना काटा 9.6 च्या बराच खाली गेला तर बॅटरी थकलेली आहे. तो 12 च्या आसपासच राहिला आणि इंजिन हललं नाही, तर दोष पुढे आहे.

या दोघांच्या मध्ये एक फुकटचा उमेदवार आहे: टर्मिनल. पांढरी-हिरवट भुकटी साचली किंवा पकड सैल झाली की दिव्यांपुरता करंट जातो, सेल्फपुरता जात नाही. काढताना आधी काळी (मायनसची) केबल, बसवताना काळी शेवटी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा. पाच मिनिटांचं काम आहे आणि खिशाला हात घालायच्या आधी ते व्हायलाच हवं.

आता बॅटरीच निघाली, तर चार्ज की नवी? इथे आपलं हवामान मध्ये येतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर गंजतात. तरी उन्हाळ्यात गाडी सुरू होत राहते, कारण इंजिन गरम असतं आणि ऑइल पातळ. थंडीत धुळ्याचा पारा 10 च्या खाली उतरला की बॅटरीची ताकद घटते, ऑइल घट्ट होतं आणि मे महिन्यातलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. म्हणून चार उन्हाळे काढलेली बॅटरी असेल तर मी चार्जिंगवर पैसे घालवणार नाही, नवी घेईन. दोन वर्षांचीच असेल तर रात्रभर हळू चार्ज करून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घेईन. दोन्हीत अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासायचाच. चालू इंजिनावर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल.

सेल्फ निघाला तर लगेच नवा घेऊ नका. ब्रश-बुश बदलून तो बऱ्याचदा पुन्हा उभा राहतो, आणि तालुक्याच्या गावात हे करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन सापडतो. आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, जळालं असेल तर मात्र नव्याचा विचार करा.

रस्त्यात अडकलात तर धक्का की जंपर, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या केबल? बॅटरी चांगली आणि सेल्फ गेलेला असेल, तर धक्क्याने गाडी सुरू होते: दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की सोडायचा. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. बॅटरी पार मेलेली असेल तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनाच्या पंपालाच करंट मिळत नाही, धक्का वाया जातो. तिथे जंपर. जंपर लावूनही एकच 'खट्' आला तर सेल्फबद्दल फारशी शंका उरत नाही.

हायवेवर मदतीला ट्रकवाला थांबतो, मनाने चांगलाच असतो, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुतेक वेळा 24 व्होल्टची असते. त्याची केबल आपल्या गाडीला लावून घेऊ नका, गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. शेतातला ट्रॅक्टर चालतो, त्याची बॅटरी 12 व्होल्टची असते. लाल केबल आधी आपल्या प्लसला, मग ट्रॅक्टरच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक शेवटी आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्या वेळी जवळ कुणाची बिडी पेटलेली नको. गाडी सुरू झाली की बंद करू नका, तशीच ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात न्या आणि अल्टरनेटरला मीटर लावायला सांगा.