डीडच्या नकलेपायी गेलेले ९८ डॉलर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या घराच्या किल्ल्या मिळून जेमतेम पाच आठवडे झाले होते. निम्मी खोकी अजून भिंतीला लावून ठेवलेली होती. एका संध्याकाळी टपालात फिकट हिरव्या कागदाचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत ‘डीड प्रोसेसिंग नोटीस’ (डीड म्हणजे इथलं खरेदीखत) आणि त्याखाली आमच्या घराची सगळी कुंडली. आम्हा दोघांची पूर्ण नावं, पत्ता, असेसरचा (करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा) पार्सल नंबर, दस्त नोंदवल्याची तारीख, दस्ताचा क्रमांक, इतकंच काय, खरेदीची किंमतसुद्धा. मालकीचा पुरावा म्हणून डीडची नक्कल जवळ असणं आवश्यक आहे, त्यासाठी अमुक तारखेच्या आत ९८ डॉलर पाठवा, असा मजकूर. तळाशी फाडून परत पाठवायची पावती, अगदी पाणीपट्टीच्या बिलाला असते तशी.

मी त्याच रात्री चेक लिहिला.

तो का लिहिला, हे नीट सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखेच वाढलेले आहेत. आमची कराडजवळ थोडी जमीन आहे. एका फेरफारात आजोबांचं नाव चुकीचं लागलं आणि ते दुरुस्त करून घेण्यात बाबांची कित्येक वर्षं तलाठी आणि तहसील कचेरीच्या फेऱ्यांत गेली. सातबारा, आठ-अ, खरेदीखत, इंडेक्स टू, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. ‘कागद हातात नाही तर जमीन आपली नाही,’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. आणि नक्कल काढायची तर कुणाला तरी वरचे पैसे द्यायचे, हेही पाहत आले. त्यामुळे ९८ डॉलर खटकलेच नाहीत. उलट फोनवर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “लगेच घेऊन ठेव गं, मागाहून त्रास नको.”

शिवाय एस्क्रो ऑफिसच्या (खरेदीचे पैसे आणि कागद मध्यस्थ म्हणून सांभाळणाऱ्या कचेरीच्या) बाईंनी आधीच बजावलं होतं की खरेदीनंतर काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडून, सप्लिमेंटल टॅक्सचं वेगळं बिल येईल, ते घाबरू नका, खरंच असतं. तसं ते येतंही. कॅलिफोर्नियात मालक बदलला की घराचं मूल्यांकन नव्याने होतं आणि फरकाचा कर वेगळ्या बिलाने आकारतात. म्हणजे अनोळखी सरकारी पत्रांची मी वाटच पाहत होते. हे पत्र नेमकं त्या दिवसांत आलं.

चेक वटला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एका साध्या पांढऱ्या पाकिटातून आमचं मूळ डीड घरी आलं. मूळ डीड! काउंटीचा नोंदणीचा शिक्का असलेलं आणि एक पैसाही न मागता आलेलं. त्याच्या पहिल्या पानावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात ‘नोंदणी झाल्यावर या पत्त्यावर पाठवा’ असं इंग्रजीत छापलेलं असतं आणि त्याखाली आमचाच पत्ता होता. खरेदीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात ते पान माझ्या हातून गेलं होतं, पण तो कोपरा मी वाचला नव्हता.

आणखी तीन आठवड्यांनी त्या हिरव्या पत्रवाल्यांचं पाकीट आलं. डीडची साधी झेरॉक्स, प्रमाणित शिक्का नाही. सोबत सात-आठ छापील पानं: आसपासची घरं कितीला विकली गेली, जवळच्या शाळा कोणत्या, वगैरे. या माहितीसाठी कुणालाही दमडी मोजावी लागत नाही.

मी रजा टाकून ओकलंडला गेले. आमच्या अलमेडा काउंटीचं क्लार्क-रेकॉर्डर ऑफिस, म्हणजे दस्त नोंदवणारी कचेरी, मॅडिसन स्ट्रीटवर आहे, लेक मेरिट बार्ट स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. खिडकीवरच्या बाईंना मी ते हिरवं पत्र दाखवलं. त्यांनी पुरतं उलगडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “हे आमचं नाही. असं पत्र घेऊन रोज कुणीतरी येतं.” मग मी मुद्दाम प्रमाणित नक्कल मागितली. पानांच्या हिशेबाने पैसे आणि शिक्क्याचे थोडे वेगळे. सगळे मिळून वीस डॉलरसुद्धा झाले नाहीत. थोड्या वेळात शिक्का मारलेली नक्कल माझ्या हातात होती. ना ओळख लागली, ना एजंट, ना ‘उद्या या’.

त्या बाईंनी मला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझी फसगत नेमकी याच अज्ञानामुळे झाली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जमिनीच्या दस्तांची नोंद काउंटी ठेवते. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा आपला रेकॉर्डर. आपल्याकडच्या दस्तात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात ना, तसेच इथे ‘ग्रँटर’ आणि ‘ग्रँटी’. या दोन नावांनी सूची केलेली असते आणि ती कुणालाही पाहता येते. आमच्या काउंटीची सूची घरबसल्या नावाने शोधता येते. दस्त एकदा नोंदला गेला की नोंद रेकॉर्डरकडे कायम राहते. हातातला कागद हरवला, भिजला, जळाला, तरी मालकी कुठेही जात नाही. माझी सगळी भीती त्या कागदाची होती आणि इथे जोर नोंदीवर आहे.

त्या पत्रातली माहिती इतकी बिनचूक कशी, याचंही उत्तर हेच. सूची सर्वांना खुली, म्हणजे त्यांनाही खुली. किंमत तर डीडवरूनच निघते: त्यावर ट्रान्सफर टॅक्सची रक्कम लिहिलेली असते आणि आमच्या भागात तो हजार डॉलरमागे १.१० डॉलर आहे, मग भागाकार कुणीही करील. आपल्याबद्दल इतकं ठाऊक आहे म्हणजे पत्र सरकारी असणार, असं मी धरून चालले. तीच माझी खरी चूक.

तक्रार केली का, असं सगळे विचारतात. केली. टपालातल्या फसवणुकीचा तपास करणाऱ्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे केली आणि काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, ग्राहक विभागाकडेही. पैसे परत आलेले नाहीत. अडचण अशी की त्यांनी ‘माल’ दिला आहे. पत्राच्या मागच्या बाजूला, करड्या बारीक अक्षरांत, ‘आम्ही कोणत्याही सरकारी कार्यालयाशी संबंधित नाही, हे बिल नाही’ असं छापलेलं होतं. बिलासारखी दिसणारी जाहिरात टपालाने पाठवायची तर ती जाहिरात आहे हे ठळकपणे लिहिलंच पाहिजे, असा इथे कायदा आहे. ठळक म्हणजे किती ठळक, यावरच सगळा वाद. मला त्या करड्या अक्षरांचा आजही संताप येतो. ती आपण वाचू नयेत म्हणूनच तशी छापलेली आहेत.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं, ‘होमओनर्स एक्झेम्प्शन’चा अर्ज भरून देतो म्हणून. आपण स्वतः राहतो त्या घराच्या करपात्र मूल्यातून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला साधारण सत्तर डॉलर वाचतात. अर्ज असेसरच्या कार्यालयाकडे करायचा, फी शून्य. पत्रवाले मात्र पैसे मागत होते. ते मी भरले नाहीत.

आणि मंडळातल्या एका मैत्रिणीचं असंच झालं. बाळाच्या ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) जन्मदाखल्याची नक्कल हवी होती. इंटरनेटवर शोधताना सगळ्यात वर जाहिरातीची साइट दिसली, तिथे तिने कार्डाने पैसे भरले. आला तो काउंटीचाच कोरा अर्ज, नोटरीपुढे सही करून तिनेच पाठवायचा. काउंटीची फी वेगळी. त्यातही ‘ऑथराइज्ड’ आणि ‘इन्फर्मेशनल’ अशा दोन प्रकारच्या नकला असतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या प्रकारच्या नकलेवर ‘ओळख पटवण्यासाठी ग्राह्य नाही’ असंच छापलेलं असतं. पालकांनी पहिलीच मागायची.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एक पुण्याचं जोडपं राहायला आलं. मी त्यांच्याकडे पोळीभाजीच्या डब्यासोबत ते हिरवं पत्र घेऊन गेले. दोघांनी समोरची बाजू वाचली. “हे भरायचं असतं ना?” त्याने विचारलं. मी पान उलटून करड्या ओळींवर बोट ठेवलं आणि मग त्यांना त्यांच्या डीडची पीडीएफ उघडायला लावली, पहिल्या पानाचा डावा कोपरा दाखवायला.